ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर ओपन नसेल तर चांगली मशीन भंगारात जाणार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात विंडोज १० बंद झाल्यावर जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं यावर लेख आला होता, त्यात शेवटी एका ओळीत ‘लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकता येईल’ असं लिहून विषय संपवला होता. त्या एका ओळीमागे काय काय असतं ते मी गेले तीन महिने बघितलंय म्हणून हे पत्र. जरा मोठं होईल, पण माझ्यासारखे खूप जण असणार ज्यांनी पेनड्राइव्ह बनवला, लिनक्स टाकायला गेले, स्क्रीन काळी झाली आणि गुपचूप परत विंडोज टाकून बसले.

माझं बार्शीत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं असली कामं, बावीस वर्षं झाली. घरी एक मशीन आहे त्यावर मुलगी ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकते, तिला अ‍ॅनिमेशनमधेच काहीतरी करायचंय. मशीन २०१७ चं, आय-फाइव्ह सेव्हन्थ जनरेशन, १६ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकलेली, आणि ग्राफिक कार्ड मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेलं. एकदम ठणठणीत मशीन. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा एट्थ जनरेशन किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, म्हणजे एका जनरेशनसाठी आमचं मशीन बाद. एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात हे माहितीय, पण वर्ष संपलं की परत तेच. क्रॅक व्हर्जन मी दुकानात कधी टाकलं नाही, घरीही टाकणार नाही, आणि नवीन मशीनला साठ हजार या वर्षी तरी नाहीत.

मशीन दुरुस्तीवाल्याकडे नेलं, म्हणलं यात लिनक्स टाकून दे. तो म्हणला, “काकू, लिनक्सवर ग्राफिक कार्ड चालत नसतंय. मुलीला ब्लेंडर पाहिजे ना, मग हे एक्सचेंजमधे द्या, नवीन बसवून देतो.” मी त्या पोराला दोष देत नाही, त्याने स्वतः कधी चालवून बघितलं नसणार आणि त्याला शिकवणार तरी कोण, तो ज्या क्लासला शिकला तिथे हे शिकवतच नाहीत. पण ‘लिनक्सवर कार्ड चालत नाही’ हे वाक्य बरोबर नाही, आणि या एका वाक्यापायी आपल्या तालुक्यातालुक्यातून किती चांगली मशीन भंगारात जातील याची मला खरंच काळजी वाटते.

मग आम्हीच करायचं ठरवलं. लिनक्स मिंटचा (लिनक्सची एक आवृत्ती) पेनड्राइव्ह बनवला, मशीन चालू केलं, मेन्यू आला, मिंट सुरू करायचा पहिला ऑप्शन दाबला, हिरवा लोगो दिसला आणि मग काळी स्क्रीन. पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, डिस्प्ले नाही. मुलीचा चेहरा असा झाला की कार्डच जळलं. रात्री पुण्याला भाच्याला फोन लावला, तो म्हणला, “मावशी, काही जळलं नाही, बंद करून परत चालू कर, मेन्यू आला की एंटर नको मारू, ई दाब.” ई दाबल्यावर पाच-सात ओळी दिसतात, त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते, तिच्या शेवटाकडे ‘क्वायट स्प्लॅश’ असं असतं, तिथे एक स्पेस देऊन नोमोडसेट टाइप करायचं (एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सगळी लहान अक्षरं, एकच शब्द) आणि एफ-टेन दाबायचं. बास. डिस्प्ले आला. अक्षरं मोठ्ठाली, आयकॉन फुगलेले, पण आला! मिंटच्या मेन्यूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ नावाचा ऑप्शन असतो तोही हेच करतो, मला तो आधी माहिती असता तर एक रात्र वाचली असती.

हे का होतं तेही भाच्याने समजावलं, आणि मला वाटतं हे समजलं की भीती निम्मी जाते. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो सुरू होताहोताच ग्राफिक कार्डाचा ताबा घेऊन स्क्रीनचं रिझोल्यूशन लावायला बघतो. त्याच्याकडे त्या कार्डाचा नीट ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नसेल तर तो चुकीचं काहीतरी लावतो आणि आपल्याला काळं दिसतं. नोमोडसेट म्हणजे त्याला सांगायचं की बाबा तू आत्ता कार्डाला हात लावू नको, आहे त्या साध्या डिस्प्लेवर चालू हो, ड्रायव्हरचं आपण नंतर बघू. हे कायमचं ठेवायचं नसतं. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना परत एकदा करावं लागलं, खरा ड्रायव्हर बसला की ते काढून टाकायचं, नाहीतर कार्ड असून नसल्यासारखं.

आता निळी स्क्रीन. खरी गंमत इथे आहे, सगळ्यात जास्त लोक इथेच अडकत असणार. मिंटमधे ड्रायव्हर मॅनेजर नावाचं प्रोग्राम आहे, त्यात आमच्या कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर दिसला, शेजारी ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं, तो निवडला. इन्स्टॉल होताना मधेच त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, आम्हाला वाटलं नेहमीचाच पासवर्ड मागतोय, टाकला काहीतरी. रीस्टार्ट केलं. एक निळी स्क्रीन आली, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की कुठलंही बटण दाबा, आणि खाली सेकंद उलटे मोजत होते, दहा, नऊ, आठ. मी चहा गाळत होते, मुलगी म्हणली “आई काहीतरी निळं आलंय”, मी येईपर्यंत गेलं सुद्धा. मशीन चालू झालं, सगळं ठीक दिसतंय, आणि अक्षरं तेवढीच मोठ्ठाली. ड्रायव्हर मॅनेजर म्हणतोय ड्रायव्हर आहे, ब्लेंडर म्हणतंय चालणारं कार्ड सापडलं नाही. दोन दिवस यात गेले, तीनदा ड्रायव्हर काढला तीनदा टाकला.

कारण एवढंच होतं की मशीनमधे सिक्युअर बूट चालू होतं. सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेला कुठलाही माल कर्नलच्या आत घ्यायचा नाही. कर्नलबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरांवर सही असतेच, पण कंपनीचा बंद ड्रायव्हर बाहेरून येतो आणि आमच्या बाबतीत तो आमच्याच मशीनवर तयार झाला होता, त्याच्यावर मशीनने स्वतःची सही केली, आणि ही सही खरी माना असं मालकाने स्वतः बसून सांगायचं असतं. त्यासाठी ती निळी स्क्रीन. ती चुकली की विनंतीच रद्द होते, परत नोंदवावी लागते, मोकयुटिल नावाची कमांड आहे त्यासाठी. दुसऱ्यांदा आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसून राहिलो. निळी स्क्रीन आली, लगेच बटण दाबलं, चार ओळींचा मेन्यू आला, त्यात पहिली ओळ ‘कंटिन्यू बूट’ असते ती घ्यायची नाही, दुसरी ‘एनरोल मोक’ घ्यायची, मग कंटिन्यू, मग यस, मग मघाचा ठरवलेला पासवर्ड (टाइप करताना काही दिसत नाही, घाबरायचं नाही, आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचाच ठेवा), मग रीबूट. मशीन चालू झालं आणि अक्षरं बारीक, स्वच्छ, स्क्रीन पूर्ण रिझोल्यूशनला. मुलीने ब्लेंडर उघडून प्रेफरन्सेसमधे सिस्टिम या पानावर बघितलं तर कार्डाचं नाव आलेलं, शेजारी टिकमार्क करायची चौकट. तिने टिक केली आणि तिचा एक सीन लावला, एका खोलीत खिडकीतून ऊन पडलंय असा, जो आधी प्रोसेसरवर एका फ्रेमला अकरा मिनिटं घ्यायचा. दोन मिनिटांच्या आत झाला. ती काही बोलली नाही, नुसती माझा हात धरून बसली.

तीन महिने झाले, मशीन रोज चालतंय. मिंटच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. अपडेटच्या आधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आहे तशी प्रत, घेऊन ठेवायचा एवढा नियम आम्ही घरात केलाय, कारण नवीन कर्नल आलं की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यासाठी परत तयार व्हावा लागतो आणि कधी कधी ते जमत नाही, मग जुन्यावर परत जाता आलं पाहिजे. दुकानात मी एक मशीन अजून विंडोजवरच ठेवलंय, नेटपासून तोडून, जुन्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या वीस वर्षांच्या फाइल आहेत त्या टाकून देता येत नाहीत. दुसऱ्यावर मिंट, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, लिबरऑफिस, इंकस्केप आणि मुक्ता फॉन्ट. त्या मशीनमधे वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधलं इंटेलचंच ग्राफिक आहे, आणि तिथे मला काहीसुद्धा करावं लागलं नाही. पेनड्राइव्ह लावला, डिस्प्ले आला, झालं.

या दोन मशीनमधला फरक हाच माझा मुद्दा आहे संपादकसाहेब. इंटेलच्या ग्राफिकचा ड्रायव्हर ओपन आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड कुणालाही बघता-बदलता येतो, आणि तो कर्नलमधेच आहे. एएमडीचंही तसंच, त्यांनी २००६ मधे एटीआय विकत घेतली, २००७ पासून कार्डांची माहिती बाहेर द्यायला सुरुवात केली, आणि २०१५ मधे लिनक्स ४.२ कर्नलमधे त्यांचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर आला, आज एएमडीचं कार्ड लावलं की बहुतेक वेळा वेगळं काही टाकावं लागत नाही. आत कार्डात चढणारं फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम) बंदच असतं त्यांचंही, आणि जुन्या एएमडी कार्डांवर ब्लेंडरचं रेंडरिंग, म्हणजे सीनचं तयार चित्र काढणं, चालत नाही, ते डिस्प्लेपुरतेच उपयोगी, हेही सांगितलं पाहिजे नाहीतर कुणीतरी माझं पत्र वाचून चुकीचं कार्ड घेईल. पण निदान डिस्प्ले येतो, काळी स्क्रीन बघून माणूस पळत नाही.

एनव्हिडियाचा, म्हणजे आमच्या घरच्या कार्डाच्या कंपनीचा, रस्ता वेगळा होता. त्यांनी वर्षानुवर्षं ड्रायव्हर दिला, चांगला चालणारा दिला, पण बंद डब्यात. म्हणून बाहेरच्या लोकांनी कंपनीच्या मदतीशिवाय, कार्ड काय करतंय ते बघून बघून नूवो नावाचा ओपन ड्रायव्हर लिहिला, २०१० मधे तो कर्नलमधे गेला. केवढी चिकाटी असेल ती! पण पुढे जीटीएक्स ९०० सिरीजपासून कार्डाला कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागायला लागलं आणि नूवोला कार्डाचा स्पीडच वाढवता येईना, म्हणजे ट्रॅक्टर पूर्ण पैसे देऊन आणला पण चालवायचा पहिल्या गिअरात. लिनक्स ज्याने लिहिलं तो लिनस टोरवाल्ड्स २०१२ मधे फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर कार्यक्रमात एनव्हिडियाला शिवी देऊन, कॅमेऱ्याला बोट दाखवून मोकळा झाला, सगळ्या जगाने बघितलं ते. शिवी द्यायला नको होती असं माझं मत, पण तो राग कुठून आला ते मला आता कळतं.

मे २०२२ मधे एनव्हिडियाने कर्नलमधे चालणारा भाग ओपन केला ही खरंच मोठी गोष्ट झाली, आणि २०२४ पासून नव्या कार्डांसाठी तोच पुढे करतात. पण तो ट्युरिंग आणि त्याच्या पुढच्या कार्डांना, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० सिरीजपासून. त्याच्या आधीची जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० ची कार्डं, १०५० टीआय, १०६०, आपल्याकडे सेकंडहँड बाजारात भरून आहेत ती, ती त्यात नाहीत. आणि बंद ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा जी त्या कार्डांना चालते, त्यानंतरच्या ५९० मधून ती वगळली. ड्रायव्हर ओपन असता तर कंपनीने सोडल्यावरही कुणीतरी सांभाळला असता. एएमडीची दहा दहा वर्षं जुनी कार्डं आज नवीन कर्नलवर चालतात ती याच्याचमुळे. एनव्हिडियाचं ऑफिस पुण्यात आहे, आपली मराठी पोरं-पोरी तिथे काम करतात, त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर माझी कळकळीची विनंती आहे की जी कार्डं तुम्ही सोडून देताय त्यांची कागदपत्रं आणि फर्मवेअरची वाट तरी मोकळी करा, असं आत कुणाला तरी सांगा.

आणि हे काही आजचं भांडण नाही. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या लॅबमधे झेरॉक्सचा नवीन प्रिंटर आला, तो कागद अडकला की कळवायचा नाही, तिथल्या रिचर्ड स्टॉलमनला त्याच्या प्रोग्राममधे तेवढी सुधारणा करायची होती पण सोर्स कोडच मिळाला नाही, ज्याच्याकडे होता त्याने न देण्याचा करार केलेला. १९८३ मधे त्याने ग्नू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला त्यामागे हा प्रिंटर होता. म्हणजे आज आपण जे फुकट वापरतोय त्याची सुरुवातच ड्रायव्हरच्या भांडणातून झाली.

आता महाराष्ट्राचं बोलते. केंद्र सरकारचं मार्च २०१५ चं ओपन सोर्स धोरण आहे, त्यात सरकारी कामासाठी सॉफ्टवेअर मागवताना ओपन सोर्सचा विचार करणं बंधनकारक केलंय. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मधेच बॉस लिनक्स काढलं, डेबियन या लिनक्सवर आधारलेलं, आपल्या भाषांसकट, आणि सी-डॅकचं मुख्यालय आपल्याच पुण्यात. केरळात काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवते, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर ती गेलेली आहे, मुलं त्यावरच शिकतात, शिक्षकांचं ट्रेनिंगही त्यावरच. मग आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात जी मशीन सरकारी पैशातून येतात त्यांच्या टेंडरमधे एक ओळ का नसावी की ग्राफिकचा, वायफायचा, साउंडचा ड्रायव्हर कर्नलमधे ओपन असलेलाच पाहिजे? प्रोसेसर लिहितात, रॅम लिहितात, किती वर्षं वॉरंटी ते लिहितात, ड्रायव्हरबद्दल एक ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. ही ओळ असली की पाच वर्षांनी विंडोज १२ येवो नाहीतर १३ येवो, शाळेचं मशीन शाळेतच राहील, कुठल्याही शिक्षकाला नोमोडसेट पाठ करावं लागणार नाही.

जे स्वतःच्या पैशाने घेतायत त्यांनाही सांगते, सेकंडहँड कार्ड घेताना दुकानदाराला नुसतं ‘किती जीबीचं’ विचारू नका, मॉडेल नंबर घ्या, घरी येऊन त्याचा ड्रायव्हर कर्नलमधे आहे की बाहेरून टाकायचा, आणि बाहेरचा असेल तर किती साली बंद होणार ते बघा आणि मगच पैसे द्या. हे दहा मिनिटांचं काम आहे. आणि क्लासवाल्यांनी एक शनिवार तरी यावर घालवावा, दुरुस्ती शिकणाऱ्या पोरांना काळी स्क्रीन आणि निळी स्क्रीन एकदा स्वतःच्या हाताने करून बघू द्या, ती पोरंच उद्या गावागावात मशीन वाचवणार आहेत. मी आमच्या त्या दुरुस्तीवाल्या पोराला बोलावून मुलीचं मशीन दाखवलं, त्याने खाली बसून सगळं मोबाइलमधे टिपून घेतलं, आणि परवा त्याने एका मेडिकलवाल्याचं जुनं मशीन एकट्याने चालू केलं.

संपादकसाहेब, पत्र फार लांबलंय हे मला दिसतंय, आणि जागेचा हिशोब मी बावीस वर्षं करतेय त्यामुळे तुमची अडचणही कळते. कापायचंच असेल तर एमआयटीचा प्रिंटर कापा, टोरवाल्ड्स कापा, माझ्या दुकानाचं सगळं कापलं तरी चालेल. पण नोमोडसेटचं स्पेलिंग आणि निळ्या स्क्रीनचा परिच्छेद जसाच्या तसा छापा, आणि प्रुफात स्पेलिंग एकदा ताडून बघा, एक अक्षर जरी चुकलं तरी कुणाच्या तरी घरी डिस्प्ले येणार नाही.

आपली नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक, बार्शी (जि. सोलापूर)